बुडापेस्टच्या पायऱ्यांवर दिलेला शब्द

विजयदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत जबल अलीजवळच्या एका बांधकामावर कामगारांना रोजची सकाळची सूचना देत उभा होतो. उन्हात चक्कर आली तर काय करायचं, शेजारचा माणूस काम करता करता अचानक गप्प झाला तर कोणाला हाक मारायची, हे मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होतो. फोन त्याच्या मुलीचा, ईशाचा होता. "काका, बाबा गेले. प्लीज कम," एवढंच ती म्हणाली. तासाभरात मी इस्पितळात पोहोचलो. ईशाच्या हातात हृदयाच्या तपासण्यांची एक निळी फाइल होती. घरच्या कपाटात, जुन्या पासपोर्टांच्या खाली सापडलेली. "काका, डॉक्टर म्हणतात त्यांना हे बरेच महिने होतं. टूरमध्ये काही झालं होतं का? डिड ही से एनिथिंग?" तिच्या मागे सुलभावहिनी उभ्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "नाही."

त्या एका शब्दाला आता सात आठवडे झाले. दरम्यान या पुरवणीच्या संपादकांनी दादावर लिहाल का, असं विचारलं आणि मी एक लेख लिहिलाही. त्यात दिलदार, हसतमुख, मदतीला धावणारा, असे सगळे शब्द होते आणि त्यातला एकही खोटा नव्हता. तो लेख मी फाडून टाकला. शोकलेखात राग शोभत नाही हे मला कळतं. आयुष्यभर मी आवाज चढवलेला नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. आज वाटतं, तो अभिमान नव्हता, सोय होती. मला दादाचा राग येतो आहे. स्वतःचा त्याहून जास्त येतो आहे, आणि आम्ही दोघांनी मिळून जी एक रीत इतकी वर्षं शहाणपण म्हणून मिरवली तिचा तर सर्वांत जास्त.

ती रीत मला दादानेच शिकवली. सव्वीस वर्षांपूर्वी मी खोर फक्कानला नोकरीसाठी आलो तेव्हा बंदरातल्या क्रेनच्या देखभालीवर असलेला हा सहा-सात वर्षांनी मोठा, मिरजेचा माणूस माझा खोलीतला सोबती झाला. पिठलं उत्तम करायचा आणि भांडी मात्र मला घासायला लावायचा. पहिल्याच जुलैत मी कामावर कोसळलो. त्याने मला उचलून खोलीवर आणलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तो माझा घरी फोन करण्याचा दिवस होता. मला उठवेना, तेव्हा कार्ड घेऊन तोच खालच्या बूथवर गेला आणि माझ्या आईला म्हणाला, "काकू, अनिल समुद्रावर फिरायला गेलाय. इथे हवा छान आहे." परत आल्यावर मला म्हणाला, "घरच्यांना उन्हाळा सांगायचा नाही. ते तिथून काय करणार? नुसते पोळतील." मला ते वाक्य इतकं आवडलं की नंतरच्या वर्षांत भारतातून आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी ते ऐकवलं. आखातात राहणाऱ्या माणसाने कसं असावं याचा तो जणू पहिला धडा. पगार वेळेवर आला नाही तरी 'सगळं ठीक', हात मोडला तरी 'सगळं ठीक'. आमच्या पिढीने फोनवरून घरी केवळ बरी हवा पाठवली…

दादा निवृत्त झाला तेव्हा वहिनींची युरोप पाहण्याची तीस वर्षांची इच्छा पूर्ण करायचं ठरलं. इथल्या मराठी मंडळातले आम्ही बारा जण नदीवरच्या बोटीने डॅन्यूबमधून सात दिवस प्रवास करून बुडापेस्टला उतरणार आणि ते शहर दोन दिवस पाहून परतणार, असा बेत. गटप्रमुख अर्थात मी. वेळापत्रक माझं, डोकी मोजणंही माझं. बोटीवर प्रत्येकाला साऱ्या सहलीसाठी कानात लावायचं एक छोटं यंत्र मिळालं होतं. गाइड हळू आवाजात बोलायची आणि शंभर-दीडशे पावलं मागे राहिलेल्यालाही तिचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. दादाला ते यंत्र फार आवडलं. आठवडाभर, प्रत्येक गावात, तो सगळ्यांच्या मागे असायचा. आम्ही समजलो, माणूस रमतगमत चालला आहे.

बुडापेस्टच्या पहिल्या सकाळी नदीकाठावरून किल्ल्याच्या टेकडीवर जायचं होतं. गाइड म्हणाली, वर जाणारी बस पाच मिनिटांत येईल. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, पायऱ्यांनीच जाऊ, लवकर पोहोचू. हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही. अर्ध्या चढावर दादा मागे पडलेला दिसला तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं वरून म्हणालो, "दादा, यल्ला, चल लवकर. रिटायर झालास म्हणजे पायही सरेंडर केलेस काय?" सगळे हसले. तो खालून म्हणाला, "व्हिसा कॅन्सल झालाय, पाय अजून चालू आहेत, हबीबी." पुन्हा हशा पिकला. वर पोहोचल्यावर मी डोकी मोजली, ती अकरा भरली. वैतागून मी खाली उतरलो.

तो एका वळणावर पायरीवर बसला होता. एक हात कठड्याला, दुसऱ्यात गोळ्यांची इवलीशी बाटली. गार वारा सुटला होता आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"काय होतंय?"

"काही नाही. जिभेखाली गोळी धरली की पाच मिनिटांत जातं."

"कधीपासून?"

"चार महिने झाले असतील. अँजिओग्राफी करा म्हणतात. परत गेलो की करतो."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला सांगितलं असतं तर ती आली असती का इथे?" त्याने बाटली खिशात टाकली. "अनिल, कोणाला बोलू नकोस. शब्द दे."

या ठिकाणी मी काय केलं ते लिहायला मला सात आठवडे लागले. मी पुन्हा घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा वाजले होते आणि साडेबाराला जेवणाचं टेबल राखून ठेवलेलं होतं. मी म्हणालो, "ठीक आहे."

मी नोकरीने सेफ्टी ऑफिसर आहे. एखाद्या कामगाराचा चेहरा मला बरा वाटला नाही तर मी अख्खं काम थांबवू शकतो. आजवर शेकडो वेळा थांबवलेलं आहे, मालकांच्या शिव्या खाऊन थांबवलेलं आहे. अपघात थोडक्यात टळला तरी त्याची लेखी नोंद झालीच पाहिजे, ती लपवणारा माणूस पुढच्या अपघाताचा भागीदार असतो, हे मी इतरांना शिकवतो. घाम, छातीशी गेलेला हात, विसाव्याची गरज… या खुणा मला पाठ आहेत. त्या मी रोज अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवर वाचतो, आणि ज्याने मला टॉवेलात गुंडाळून वाचवलं त्याच्या चेहऱ्यावर वाचूनही मी वर गेलो आणि सगळ्यांना सांगितलं, "दादा खाली कॉफी पीत बसलाय, तो वरचं चर्च नाही पाहणार."

संध्याकाळी जेवताना तर आम्ही कमालच केली. दादाने त्या चर्चच्या छपरावरच्या रंगीत कौलांचं इतकं बहारदार वर्णन केलं की वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही कधी आलात वर? मला दिसला नाहीत." तो म्हणाला, "तू फोटोत दंग होतीस." सगळं त्याने पायरीवर बसून कानातल्या यंत्रात ऐकलेलं होतं. मी ते ओळखलं, आणि हसलो. एवढंच नव्हे, एक तपशील तो चुकला तो मी दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी सगळे गरम पाण्याच्या प्रसिद्ध स्नानगृहात निघाले तेव्हा तो पोहण्याचे कपडे विसरल्याचं निमित्त मीच त्याला सुचवलं. म्हणजे नुसता शब्द पाळला असं नाही. मी त्याच्या खोट्याचा कारागीर झालो.

परतल्यानंतरच्या पाच आठवड्यांत आम्ही तीनदा भेटलो. त्याने तपासणीचा विषय काढला नाही. आधी ईशाचं दुबई मरिनातलं नवं घर लागू दे, एवढं एकदा तो पुटपुटला. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पायऱ्या आठवल्या असत्या. आता वाटतं, दादाला असा कोणीतरी हवा होता, ज्याला कळेल आणि जो काही करणार नाही. त्याने माणूस अचूक निवडला. याचा मला राग येतो. इतकी वर्षं ओळखून त्याने मला इतकं बरोबर ओळखलं, याचा.

तीन शनिवारांपूर्वी मी बर दुबईतल्या त्यांच्या घरी गेलो. वहिनी गवार मोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"किती वाजले होते?"

"सव्वाअकरा."

"मी कुठे होते तेव्हा?"

"वर. चर्चजवळच्या बुरुजावर."

"आणि संध्याकाळी ती कौलं?"

"ऐकलेली होती."

"तुम्ही हसत होतात, भाऊजी. माझ्या समोर बसून."

"हो."

त्यांनी गवारीची ताटली बाजूला सारली. "तुम्ही दोघांनी मिळून मला सहल दिलीत. मी अशी मागितली होती का? मला विचारायचं तरी. मीही बसले असते त्या पायरीवर. तिथून नदी दिसत होती ना?"

"दिसत होती."

"मग मला वर कशाला पाठवलंत?"

ईशाला मी त्याच दिवशी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "आय आस्क्ड यू, काका," आणि तिने फोन ठेवला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तिने बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

निघताना मी वहिनींना म्हणालो, की पुरवणीत लिहायचं आहे, पण आता काय लिहावं कळत नाही. "हेच लिहा," त्या म्हणाल्या. "गोड लिहू नका. गोड बोलूनच गेले ते." मग त्यांनी फोनमध्ये बराच वेळ शोधून एक फोटो काढला. बुरुजावर त्या एकट्या, दोन्ही हात पसरून, केस वाऱ्यावर, मागे नदी आणि पलीकडे संसदेची इमारत. इतक्या मनापासून हसताना मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोटोवर वेळ होती, अकरा वाजून अठरा मिनिटं. "हा मोठा करून आणा," त्या म्हणाल्या.

मीना बाजारातल्या एका स्टुडिओतून मी तो चौकटीत बसवून आणला आणि त्यांनी दाखवलेल्या जागी, सोफ्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, स्वतः खिळा ठोकून लावला. दादाचा हार घातलेला फोटो आतल्या खोलीत आहे, देवांजवळ. बाहेरच्या खोलीत हाच. दर शनिवारी यायचं आणि इथेच बसायचं, असं वहिनींनी सांगितलं आहे, आणि मी जातो. चहा मिळतो. भेटायला आलेले लोक आधी फोटोचं कौतुक करतात, मग चौकटीत इकडेतिकडे शोधतात आणि हमखास विचारतात, "वहिनी, छान आलाय. पण दादा कुठे आहेत यात?"

वहिनी कप खाली ठेवतात. "भाऊजींना विचारा," म्हणतात.

आणि मी सांगतो.