पातळ डाळ आणि विजयाबाईंचा राग

विजयाबाई मुळातच तापट. भाजीवाल्याने शिळा पालक दिला, तर हरिशंकरपुरमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी त्याची हजेरी घ्यायच्या. घर फौजी मराठ्यांचं. रविवारी मटण, एरवी अंडी, पिठलं, उसळी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या, तरी जेवण तेच राहिलं.

नवरा गेला आणि मुलगा हेमेंद्र एका महाराजांच्या सत्संगाला जायला लागला. आधी घरातून मटण गेलं, मग अंडी. उसळ म्हातारपणी पचत नाही म्हणून तीही गेली. डाळ अशी की वाटीचा तळ दिसावा. सून सोनिका मुकाट्याने दुधीची भाजी आणि दोन फुलके वाढायची.

वर्षभरात विजयाबाई पार बदलल्या. चष्मा सापडला नाही तरी रडू यायचं. जिना चढताना पाय थरथरायचे. चिडून बोलल्या की हेमेंद्र गोड आवाजात म्हणायचा, "आईसाहेब, जन्मभर मांस खाल्लंत, त्याचाच हा तामसपणा. निघायला टाइम तो लगेगा."

तो गोड आवाज त्यांच्या डोक्यात जायचा. एका दुपारी त्यांनी डाळीची वाटी भिंतीवर भिरकावली.

हेमेंद्र त्यांना शहरातल्या कंपू भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्याला डोकं शांत करणारी गोळी हवी होती. बाईंनी विचारलं, "जेवणात काय असतं?"

"एकदम सात्त्विक," हेमेंद्र म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

विजयाबाईंनी सांगितलं. बाईंनी रक्त तपासायला दिलं, बोटात सैल झालेली अंगठी पाहिली. म्हणाल्या, "उदासीची कारणं पुष्कळ असतात, सगळं जेवणावर ढकलणार नाही मी. पण प्रथिनं इतकी कमी पडली की ताकद जाते, मनही खचू शकतं. आधी नीट खा, मग पुन्हा दाखवा."

"मटणच लागतं का?" हेमेंद्रने विचारलं.

"नाही. डाळ, चणे, दही, पनीर भरपूर खाल्लं तरी चालेल."

हेमेंद्रचा चेहरा खुलला. "देखा! मटणाची जरूरतच नाही."

विजयाबाई खुर्चीतून उठल्या. "मग डाळ तरी घट्ट का नव्हती रे? मटण तुझ्या महाराजांना चालत नव्हतं, चण्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? माझ्याच घरात मला उपाशी ठेवलंस आणि वर माझ्याच स्वभावाला नावं ठेवलीस!"

बाहेर बसलेले पेशंटही दारातून डोकावले.

घरी सोनिका हळूच म्हणाली, "आई, मी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," विजयाबाई म्हणाल्या. तिची समजूत काढायला त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन अंडी आणि चणे घेऊन आल्या आणि मागच्या ओसरीत वेगळी शेगडी मांडली.

काही महिन्यांत रडू थांबलं, पाय सावरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तूर्त गोळीची गरज नाही.

एका संध्याकाळी हेमेंद्रने भीत भीत विचारलं, "आता तर मनासारखं खाता ना, मग अजून गुस्सा कशाचा?"

"रडायचं थांबलं ते खाण्याने," त्या म्हणाल्या. "तुझ्यावरचा राग खाण्याने कसा जाईल?"

हेमेंद्रने अजून माफी मागितलेली नाही. त्या त्याच्याशी कामापुरतं बोलतात. सोनिका मात्र हल्ली आपलं ताट घेऊन ओसरीतच जेवायला बसते.