आईच्या नावाचा रकाना

मेंदीच्या कुंपणात सातभाई पक्ष्यांचं घरटं आहे. एक येतो, पिल्लाच्या चोचीत अळी भरवतो. लगेच दुसरा, मग तिसरा. यातली आई कोण, कळतच नाही. मागच्या खेपेची मोठी झालेली पिल्लंही धाकट्यांना भरवतात म्हणे.

माझी आत्या अशीच, लग्न न करता आम्हा भाचरांमागे धावणारी. शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाच्या रकान्यात मी पेन्सिलीनं तिचंच नाव लिहिलं होतं. ती हसली. “अगं वेडे, खोड ते. आईला काय वाटेल?”

मी खोडलं. रबराचे कण तिनं पदरानं झटकले, जरा सावकाशच.

आत्या जाऊन किती वर्षं झाली. कुंपणातली चोच उघडते, आणि जो पक्षी आधी पोचतो, त्यालाच मी आई म्हणते.