वेखंडाचा उंडा

रूथबाई पाटोळे यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवासाठी निघणाऱ्या पुस्तकात मीही चार ओळी लिहाव्यात, असा निरोप शिक्षक मंडळींनी मला नेवाशाच्या बाजारात गाठून दिला. मंडळी शिकलेली. बाईंच्या कार्याविषयी त्यांनी नीट लिहिलं असेलच. मी दुसरीतून शाळा सोडलेला, काष्ठौषधींचं गाठोडं पाठीवर टाकून बाजार करत फिरणारा माणूस. आज संगमनेर, उद्या पुणतांबा, परवाचं मलाही ठाऊक नसतं. लिहितानाही माझं तसंच होतं, निघतो एका गावाला आणि पोचतो दुसऱ्याच. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाईंची पहिली भेट लढाई सुरू झाली त्या सुमाराची. प्रवरेकाठच्या त्यांच्या गावच्या बाजारात मी धडपा पसरून बसलो होतो. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक दुखणं घेऊन येतं, कुणाचं पोट, कुणाचे सांधे. पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई आल्या, उकिडव्या बसल्या आणि एकेक मुळी, एकेक बी बोटांत चुरून नाकाशी धरू लागल्या. मी विचारलं, काय दुखतंय? त्या म्हणाल्या, "दुखत काही नाही. लेकरानं तोंडात घातलं तरी चालेल आणि वासही सुटेल, असं ह्यातलं काय काय आहे?"

असं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं. त्यांनी ओवा घेतला, बडीशेप घेतली, थोडा वाळा घेतला. वाळ्यावरून आठवलं, पुणतांब्याच्या घाटावर एक म्हातारा वाळ्याचे पंखे विणायचा, त्याची कथा मोठी आहे, पण ती इथे नको. मी दुकान गुंडाळून बाईंच्या मागोमाग गेलो. माझं दुकान गुंडाळायला वेळ लागत नाही.

बाईंची लहानग्यांची शाळा म्हणजे तात्यांच्या गोठ्याची सारवलेली अर्धी बाजू. तात्या गावातले मोठे शेतकरी. बाई ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेल्या. लेकरं बहुतेक मजुरांची. तात्यांचा नातूही त्यांच्यातच बसायचा, आणि त्यावरून तात्यांनी भावकीचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. तिथे मी पहिल्यांदा बाईंचा उंडा, म्हणजे मळलेल्या पिठाचा गोळा, पाहिला. गव्हाची कणीक ज्या घरात मळली जाते तिथल्या पोरांना आया चिमणी करायला गोळा देतातच. ज्वारीच्या घरात ते होत नाही, ज्वारीचं पीठ हातात धरलं की तडकतं. म्हणून बाई मीठ आणि करडईचं तेल घालून आधण ठेवीत, त्यात ज्वारीचं पीठ टाकून उकड काढीत आणि धनगर लोक घोंगडीला देतात ती चिंचोक्याची खळ तिच्यात मळीत. मीठ असं घालीत की जीभ भाजावी. एका उंड्याला हळदीचा रंग, एकाला पळसाच्या फुलांचा. मग प्रत्येकाला आपापला वास. ओल्या फडक्यात गुंडाळून ते सकाळी शाळेत येत, आणि लेकरं डोळे मिटून ओव्याचा कुठला नि बडीशेपेचा कुठला ते सांगत.

पाटी हातात येण्याआधी हात जागा झाला पाहिजे, असं बाई म्हणत. माझे हात मोठेपणी जागे झाले. मला जोडाक्षरं येत नव्हती, पुड्यांवर नावं लिहिताना मी गुपचूप टाळायचो. बाईंच्या ते लक्षात आलं. त्या हसल्या नाहीत, की शिकवते असंही म्हणाल्या नाहीत. फक्त एक उंडा पुढे सरकवला आणि आपण मुलांकडे वळल्या. 'ज्येष्ठमध' हा शब्द मी त्या पिठाचा केला, तेव्हा तो मला आला. हिवतापानं मी त्याच गोठ्यात पडून होतो, तेव्हा काढा द्यायलाही बाईच होत्या. माझाच काढा, मलाच कडू लागला.

मग रेशन आलं. गावात ज्वारी दिसेना. बाई आपल्या वाट्याच्या धान्यातून उंडा करीत राहिल्या. एके दिवशी त्यांनी मला दाखवलं की सकाळी भरलेली पाण्याची घागर दुपारच्या आत रिकामी होते. लेकरं खेळत नव्हती, खात होती. तेवढं मीठ असलेला उंडा खात होती आणि मग घटाघटा पाणी पीत होती.

तात्या गोठ्याच्या दारात आले. म्हणाले, "बाई, लोकाच्या तव्यावर भाकर न्हाई आन तुमी पीठ खेळाया देता. गोठा माझा, म्हनून लोक मला इचारत्यात. म्या काय सांगू?"

"सांगा, बाईंना कळत नाही."

"तसं सांगून झालं," तात्या म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. तात्यांचं खरंच होतं, आणि ते खरं आहे असं त्या माझ्यापाशीही म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या ज्वारीची भाकरी होऊ लागली, लेकरांना तुकडा तुकडा मिळे. उंडा मात्र त्यांनी सोडला नाही. चाळून उरलेला कोंडा आणि चिंचोक्याची खळ, एवढ्यावर तो करायचा ठरवलं. पण चिंचोकाही भुकेलं माणूस खातंच. तेव्हा कुणी तोंडात घालणार नाही असा वास हवा होता, कडू हवा होता आणि तरी अपाय नको होता. बाईंनी मला वेखंड आणायला सांगितलं. मी संगमनेरहून आणून दिलं. एवढं कशाला, बारसं कुणाचं, म्हणून मी थट्टाही केली. बाई म्हणाल्या, अख्ख्या शाळेचं.

पुढे झालं ते मी समोर बसून पाहिलं. उंडे वाटले. लेकरांनी नाकाला लावले. खाल्लं कुणीच नाही. गोठा एकदम गप्प झाला, इतका की पलीकडच्या बैलांचं रवंथ ऐकू यावं. ठकी नावाची चार वर्षांची मुलगी होती, सखू मजुरणीची. तिनं उंडा लांबट वळला, मांडीवर घेतला आणि त्याला थोपटू लागली. मग शेजारच्यानं तसंच केलं. थोड्या वेळात सगळा गोठा बाळांनी भरून गेला. ज्यांच्या घरात तान्हं येतं त्यांना हे सांगायला नको. न्हाऊ घातलेल्या बाळाच्या अंगाला जो वास येतो तो वेखंडाचा.

पण त्या पावसाळ्यात गावात तान्ह्यांना ताप आला होता आणि त्यातली बरीच राहिली नव्हती. ठकीचा भाऊही त्यात गेला होता. ठकी उठली, बाळ घेऊन मागच्या बाभळीखाली गेली, नखांनी माती उकरली, बाळ ठेवलं, माती लोटली आणि वर बाभळीची फांदी ओढून घातली. तान्हं पुरल्यावर जनावरानं उकरू नये म्हणून आमच्याकडे काटा घालतात. मग एकेक करून बाकीची गेली. कुणी रडत नव्हतं. बाई उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. त्यांनी कुणाला अडवलं नाही.

एवढ्यात सखू खुरपणीवरून ठकीला न्यायला आली. ती बाभळीपाशी उभी राहिली.

"हिला हे कोनी दाखीवलं?"

"कुणी नाही, सखूबाई. तिनंच केलं."

"आमी तिला सांगितलं हुतं, बाळ मामाच्या गावाला गेलंय," सखू म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मामाच्या गावाला."

तिनं ठकीला कडेवर घेतलं आणि गेली. ठकीच्या हाताला कोंडा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी आलं नाही. बाई लेकरांना मढी पुरायला शिकवतात, असं गावभर झालं. बाई दारोदार फिरल्या. माणसं वाईट बोलली नाहीत, आत या म्हणाली नाहीत इतकंच. सखूच्या दारात त्या तीनदा गेल्या. तात्यांनी गोठा काढून घेतला नाही, पण नातवाला घरी ठेवलं.

मी पुढच्या फेरीला गेलो तेव्हा बाई रिकाम्या जमिनीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला वेखंड कडू, एवढंच ठाऊक होतं. मी कधी कुणाला न्हाऊ घालून पूड लावली नाही. गावातल्या कुठल्याही आईला विचारलं असतं तर तिनं मला थांबवलं असतं. मी तुझ्या गाठोड्यात शोधत बसले."

मी म्हटलं, बाई, त्या लेकरांना गेलेल्या भावंडांसाठी दुसऱ्या कुणी एवढंही करू दिलं नसतं. हे माझं आजही मत आहे.

"मग ठकी कुठे आहे?" बाई म्हणाल्या.

मी गाठोडं उचललं आणि निघालो.

गौरवलेखात शेवट गोड हवा हे मला कळतं. पण शाळा पुन्हा भरली ती अर्धीच, आणि पाट्या घेऊन. उंड्याला हात लावायचा नाही असं घरून बजावून पाठवलेलं असतं. लढाई संपली, राज्य बदललं, ते मात्र बदललं नाही. बाई अजूनही ओव्याचा एक उंडा करून कोपऱ्यात ठेवतात, फडकं वाळलं की ओलं करतात. ठकी परत आली नाही.

बाभळीखालची बाळं केव्हाच मातीत विरली. पण तिथला काटा नेहमी ताजा असतो. तात्यांच्या शेळ्या फांदी ओढून नेतात, आणि बाई दुसरी तोडून घालतात. बोटांत काटे मोडतात. मीच एकदा बिब्बा लावून काढला होता.

मागच्या शिमग्याच्या आधी नेवाशाला एक मुलगी माझ्या धडप्यासमोर थांबली. आई पलीकडे मिरच्यांचा भाव करत होती. मुलीनं वेखंडाचा तुकडा उचलला, नाकाला लावला आणि तसाच धरून ठेवला. तेव्हा मी ओळखलं.

"तिथं काटा हाय का आजून?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हाय, बाई घालत्यात.

"शेळ्या लई हायेत तिथं," ती म्हणाली. सखूनं हाक मारली तशी तुकडा ठेवून निघून गेली.

बाई, हे तुम्ही वाचाल म्हणून इथे लिहिलं. समोर बसून मला सांगता आलं नसतं. साठीनिमित्त लोक तुम्हाला शाल देतील, नारळ देतील, शंभर वर्षं जगा म्हणतील. मीही तेच मागतो, पण माझं मागणं कौतुकाचं नाही. मी फिरता माणूस, माझ्यावर कुणी काही सोपवू नये, आणि गावात तो काटा घालायला दुसरं कुणी तयार नाही. तुमच्या बोटांत बाभळीची फांदी मोडण्याइतकं बळ राहो, डोळ्यांना मागचं अंगण दिसत राहो, आयुष्य भरपूर लाभो. शेळ्या खरंच लई हायेत.