धंदेवाईक गटातला एकटा

अमरावतीच्या आमच्या गल्लीतला कातारी बुद्धिबळाचे लाकडी मोहरे कातून विकायचा. स्वतः खेळतानाही मोहरा उचलला की आधी त्यावर फुंकर मारायचा, जणू भुसा अजून चिकटलेलाच आहे.

वाचनालयाच्या हौशी स्पर्धेत तो नाव द्यायला आला. समितीत तीन वकील. तिघांनी एकमताने ठरवलं, याचं पोट बुद्धिबळावर चालतं, म्हणजे हा धंदेवाईक.

"मंग मले धंदेवाईकातच टाका ना! भेऊन काहून राहिले?" तो हसत म्हणाला.

त्या गटात तो एकटाच. मी शाळामास्तर, म्हणून पंच. न खेळताच कप तुमचा, असं मी सांगितलं. त्याला ते पटेना. त्याने पट मांडला. पांढऱ्याची खेळी करून उठायचा, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसायचा आणि काळ्याची करायचा. दर खेळीला फुंकर. हौशी वीर आपापले डाव टाकून त्याच्याभोवती जमले. दोन तासांनी पटावर नुसते दोन राजे उरले.

मी कप पुढे केला. त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बरोबरी झाली, मास्तर. त्याले इचारल्याशिवाय कसा घेऊ?"