साठ कुंड्या आणि अनुसयाबाईंचं खुरपं

कतारगामच्या गच्चीवर मेंढरांच्या लेंड्या घालून कुंड्या मांडणारी बाई अख्ख्या सुरतेत एकच असणार, प्राध्यापक रजनी सावदेकर! बारा वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून झालं, आता पीएच.डी.चं वेड डोक्यात शिरलेलं. विषय काय, तर गवत, चरणारी जनावरं आणि शेती. सुट्टी लागली की बाई बारडोलीकडच्या उसाच्या बांधावर हजर. शेजारणी नाकाला पदर लावायच्या, लावोत बापड्या.

सत्त्याण्णव साली प्रकरण पेटलं. ऊस तुटला की मेंढपाळ मगन भरवाड रिकाम्या शेतांत मेंढरं बसवायचा, जमिनीला आयतं खत मिळायचं. त्या वर्षी एका गावानं आडकाठी घातली. मेंढरं पोटातून हराळीच्या चिवट तणाचं बी आणतात, सबब मगनला बंदी! बापजाद्यांची वाट बंद झाली तर तीनशे मेंढरं न्यायची कुठं? मगन पार हबकला. गणपती उठल्यावर आठवड्यानं गावाची बैठक होती. रजनीनं छातीठोकपणे सांगून टाकलं, पुरावा मी आणते.

पुरावा म्हणजे त्या साठ कुंड्या. डाव्या रांगेत बी-मुळ्या मरावीत म्हणून भाजून घेतलेली माती आणि मगनच्या मेंढरांच्या लेंड्या; उजव्या रांगेत शेतातली माती जशीच्या तशी, लेंडी एकही नाही. हराळी कुठं उगवते ते मोजायचं, बस्स. नेमकं ऐन भाद्रपदात कॉलेजनं तिला तीन आठवडे बडोद्याला रिफ्रेशर कोर्सला धाडलं. कुंड्यांना पाणी घालायचं काम सासूबाईंवर, अनुसयाबाईंवर आलं.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी रजनी परतली ती पिशवीसकट थेट गच्चीवर गेली. साठच्या साठ कुंड्या बोडक्या! अनुसयाबाई कौतुकानं सांगत होत्या, सुरतेत दूर्वा शोधत कुठं फिरू, इथंच वेचल्या रोज एकवीस जुड्या. उरलेलं गवत गायीला घातलं आणि आज माती छान खुरपून ठेवली. रजनीला रडूच फुटलं. मग एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाईंनी वेचलेल्या दूर्वा म्हणजेच आपली हराळी की!

"आई, दूर्वा कुठल्या रांगेतल्या?"

"उजव्या. डावीकडं रोज पानन् पान धुंडाळलं, एक काडी मिळेल तर शपथ."

पुढचा आठवडा रजनी नुसती भिरभिरत होती. जेवताना उठून गच्चीवर, वर्ग संपला की रिक्षानं गच्चीवर. सातव्या दिवशी तर ती चक्क नाचली. उजव्या कुंड्यांत खुरप्यानं तुटलेल्या मुळीच्या तुकड्या-तुकड्याला कोंब फुटले होते. हराळी पहिल्यापेक्षा दुप्पट! डावी रांग मात्र कोरडी ठणठणीत.

बैठकीला ती दोन कुंड्या आणि सासूबाई घेऊन गेली. लेंड्यांच्या रांगेत एकही दूर्वा मिळाली नाही, हे अनुसयाबाईंनी सांगितलं. गावचे वडीलधारे रणछोडभाई कुत्सित हसले. सुनेच्या बाजूनं सासू बोलणारच, म्हणाले. अनुसयाबाई जागच्या उठल्या. दहा दिवस बाप्पासाठी वेचलं त्यात खोटं मिसळू का, एवढंच त्यांनी विचारलं. घरोघरी गणपती बसवणारं गाव ते. बैठकीनं ते शपथेसारखं मानलं.

"मग हराळी आणतं कोण?" रणछोडभाईंनी विचारलं.

"तुमचा नांगर," रजनी म्हणाली. "तो मुळीचे तुकडे करून शेतभर पेरतो."

रणछोडभाईंनी कुंडी उपडी केली, तुकडे बोटांनी चाचपले, बराच वेळ चाचपले. मग मगनला विचारलं, मेंढरं कधी आणतोस?

मगन वाकला आणि त्यानं आधी अनुसयाबाईंचे, मग रजनीचे पाय धरले.