चौथ्या बाजूची पानं

दगडकामाच्या शेडमध्ये सगळे त्यांना तोंडावर मुकादम म्हणत आणि पाठीमागे गुण्या. कोपरा काटकोनात आहे की नाही हे तपासायचं ते लोखंडी अवजार, तसाच हा माणूस. दगड थोडा जरी इकडचा तिकडे झाला तरी नापास. मग तो कोणी घडवलाय हे ते बघत नसत.

शेडचं काम टेकडीवरच्या दोन ख्रिस्ती मठांच्या डागडुजीचं. एक जुना मठ, एक नवा. नवा म्हणजे तोही मध्ययुगातलाच, पण जुन्याहून दीडशे वर्षांनी धाकटा, म्हणून बिचारा अजून नवाच राहिला. दोघे समोरासमोर उभे, मध्ये फरसबंद चौक. भारी कुठला, हा वाद जेवणाच्या सुट्टीत हटकून निघायचा.

"जुन्यात शिरलं की डोक्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं," एक पाथरवट म्हणायचा.

"हात कसला, छत टेकतं ते! बुटके खांब, वीतभर खिडक्या. खांबावरच्या सिंहांची तोंडं बघ, दाढ दुखत असल्यासारखी."

"आणि तुझे नव्यातले संत? पोटभर जेवून फोटोला उभे राहिलेत नुसते."

जुन्याच्या कमानी अर्धगोल, भिंती जाड, आणि त्यांवरच्या रंगवलेल्या चित्रांतले मोठाले डोळे अंधारातही माणसाकडे बघत राहतात. नव्यात कमानींना टोकं आली, खांब सडपातळ झाले, भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त झाल्या, आणि रंगीत काचांतलं ऊन दिवसभर फरशीवरून फिरतं. मुकादम या वादात पडत नसत. त्यांच्या लेखी सगळा फरक पानात होता. खांबाच्या माथ्यावर जो दगड बसतो त्यावर दोन्ही मठांत पानं कोरलेली आहेत. जुन्याचं पान दगडाला घट्ट चिकटलेलं, टोक आत वळलेलं, थंडीत अंग चोरून बसल्यासारखं. नव्याचं पान दगड सोडून बाहेर झुकलेलं. त्याच्या मागे बोट जातं, उजेडही जातो.

आपल्या मुलाला त्यांनी आधी जुन्याचं पान शिकवलं. अगदी लहानपणी, हातावर हात धरून. पुढे तो नव्याकडे लागला आणि हां हां म्हणता त्यात तरबेज झाला. नव्या मठातल्या एका फुटक्या माथ्याच्या जागी बसवायचा दगड त्याच्याकडे आला. त्याचं स्वतंत्रपणे केलेलं पहिलंच काम ते. चौथी बाजू करत असताना त्याला ताप भरला. बायको नको नको म्हणत असतानाही तो शेडवर जात राहिला आणि ती बाजू पुरी करून घरी येऊन झोपला. साध्या तापाचं निमित्त झालं. दगड राहिला, पोरगा गेला.

सुतक संपल्यासारखा चेहरा करून मुकादम पुन्हा कामावर आले, तेव्हा दगड फडक्याखाली झाकलेला होता. त्यांनी फडकं काढलं. तीन बाजूंची पानं वाऱ्यावर डोलत होती. चौथीवरची पानं अंग चोरून बसली होती.

दुरुस्तीला वाव नव्हता. बाहेर झुकणाऱ्या पानासाठी दगड बाहेर राखावा लागतो. चौथ्या बाजूचा तो कधीच छाटला गेला होता.

इंजिनियर बाई आल्या, दगडाभोवती फिरून थांबल्या. चूक त्यांच्याही लक्षात आली. "मुकादम," त्या हळूच म्हणाल्या, "ही बाजू भिंतीकडे करू. इतक्या उंचावर खालून कुणाला दिसणार आहे? मी सही करते."

"भिंतीकडे बसवला तरी तो नव्याचा होत नाही, बाई."

"नका हो इतके कडक होऊ."

"दुसऱ्या कुणाचा असता तर मी काय केलं असतं?"

काय केलं असतं हे बाईंनाही माहीत होतं. नापास दगडावरचं कोरीवकाम चारही बाजूंनी छिन्नीने उतरवून टाकायचं, अशी शेडची जुनी रीत. तसाच पडून राहिला तर पुढे कधीतरी कुणाला सापडेल, तो त्याला अस्सल समजेल, आणि दोन्ही मठांबद्दल खोटंच सांगत बसेल.

घरी सुनेने ऐकलं आणि ताट बाजूला सारलं.

"तापात होते हो ते, बाबा! हाताला कळत तरी होतं का? त्या खांबाखाली जाऊन बसेन म्हणत होते मी. तेवढंही नको तुम्हाला?"

"पोरी, तू उद्या माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी तिला आधी नव्या मठात परांचीवर चढवलं, आणि पानामागे बोट घालायला लावलं. मग चौक ओलांडून जुन्यात आणलं. दारालगतच्या बुटक्या खांबाचा माथा हाताला लागत होता. तिने पानावरून बोट फिरवलं, टोकापाशी ते आत वळलं होतं तिथे थांबली.

"हे... ह्यांच्या चौथ्या बाजूसारखंच आहे."

"हेच केलंय त्याने. तापात त्याचा हात इकडे आला."

"म्हणजे तुमच्याकडे आला."

मुकादम भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले. तिने पदर डोळ्यांना लावला, पण "बरं, तसं करा" असं काही ती म्हणाली नाही.

संध्याकाळी सगळे पाथरवट गेल्यावर मुकादमांनी दगड वाळूवर घेतला. चौथी बाजू त्यांनी एकट्यानेच उतरवली. दगड फिरवून पहिली बाजू वर आणली, तेव्हा सून दारात उभी दिसली. ती येऊन शेजारी बसली.

"ही बाजू बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. माझ्या हातून इतकं नाजूक कधी झालं नाही."

"हे त्यांना सांगितलं होतंत?"

मुकादमांनी मान हलवली. नाही.

"सांगायला हवं होतं, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. त्यांनी हातोडा उचलला. छिन्नी पानाच्या देठाशी टेकवली, पण ती जागेवर राहीना. पुन्हा टेकवली, पुन्हा सरकली.

सुनेने त्यांच्या हातातून छिन्नी घेतली आणि देठाशी नीट धरली.

"मी धरते. तुम्ही मारा."

"हाताला लागेल तुझ्या."

"लागू दे."

त्यांनी हळू मारला. दगड चांगला टणक निवडलेला होता. दुसऱ्यांदा जोरात मारावा लागला.