कोणाची भांडी कोणाकडे

मी समाजशास्त्र शिकवते. माणसं एकमेकांशी कशी जोडलेली असतात याचा नकाशा संगणक काढून देतो, हे मला पन्नाशीच्या आसपास कळलं. मग नवा मिक्सर आणल्यासारखं, दिसेल ते त्यात घालून बघायला लागले.

जानेवारीत, राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगर या आमच्या सरकारी वसाहतीतल्या मराठी बायकांकडून मी हळदीकुंकवाला कोणाला बोलावलं त्याच्या याद्या मागवल्या. वसाहतीतल्या प्रत्येक मराठी घराचा एक ठिपका, प्रत्येक बोलावण्याची एक रेघ. ज्यांच्या रेघा जास्त, ते ठिपके आपोआप मध्ये सरकतात. मी मध्ये होते. बरं वाटलं. एक ठिपका मात्र कोपऱ्यात, एकही रेघ नसलेला. ती माझी समोरची शेजारीण, मूळची नागपूरची, सरकारी खात्यात अधिकारी. या नकाशावर मी एका मासिकासाठी लेख लिहिला; त्यात म्हटलं, ‘एक घर समूहापासून तुटलेलं आहे.’ लेख शुक्रवारी छापायला जायचा होता. नाव दिलं नव्हतं, पण वसाहतीत कोणीही ओळखलं असतं. म्हणून आधी तिला वाचायला दिला.

ती उन्हात मटार सोलत बसली होती. “अच्छा, तुटलेली मी?” ती म्हणाली. “आम्ही बौद्ध. हळदीकुंकू आम्ही करत नाही, तुम्ही बोलवत नाही. यात संगणकाने नवीन काय शोधलं, प्रोफेसरबाई?”

“मग काय मोजायला हवं होतं?”

“स्वयंपाकघरात शिर ना यार. कोणाची भांडी कोणाकडे पडलीत ते बघ. नावं कोरलेलीच असतात.”

दोन दिवस मी घरोघरी कपाटं उघडायला लावली. कोणी नाही म्हटलं नाही; दोघींना हरवलेली पातेली सापडली. शेजारणीच्या नावाचे डबे जवळपास प्रत्येक घरात निघाले. कोणाच्या तापात, कोणाच्या बदलीच्या सामानबांधणीत तिने जेवण पाठवलेलं. नवा नकाशा काढला तर ती मधोमध, आणि मी पार कडेला. मी दुसऱ्यांची भांडी त्याच संध्याकाळी घासून परत करते, आणि माझ्याकडून काही जातं ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून, परत आला नाही तरी चालेल अशा.

“हे बिल्कुल बरोबर आलंय,” माझ्या ठिपक्यावर बोट ठेवून ती म्हणाली.

“मग पहिलं चित्र काढून टाकते.”

“कशाला? तेही खरंच आहे. फक्त खाली नीट लिही. मी तुटले नाही, तुम्ही बोलावलं नाहीत.”

इतकी वर्षं समोरासमोर राहतो. हळदीकुंकवाला बोलावलं तर तिला अवघडल्यासारखं होईल, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी दोन्ही चित्रं पाठवली. पहिल्याखाली लिहिलं, ‘या घराला कोणीही बोलावलं नाही. लेखिकेनेही नाही, आणि यायला आवडेल का असं विचारलंही नाही.’ संपादकांचा फोन आला, शेवटचा भाग जरा खासगी वाटतो, काढूया का? मी म्हटलं, राहू द्या, खरी माहिती तीच आहे.